स्लीव्ह झाली, घरी आलात, आता पुढे रोजचं कसं सांभाळायचं

माझी स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन, होऊन तीन वर्षं झाली. तेव्हा वजन ११४ होतं, गुडघे गेलेले, शुगरच्या दोन गोळ्या चालू, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लावून झोपायचे. आता ७६-७७ च्या आसपास असते आणि जिना चढताना कठड्याला हात लावावा लागत नाही. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, ते तासा-दोन तासात झालं, पण घरी आल्यावर रोज सकाळी उठून काय करायचं हे आपल्या पोळी-भाजी-वरण-भाताच्या हिशोबात कोणी सांगत नाही, म्हणून जेवढं मला उमगलंय तेवढं लिहितेय.

आधी एवढं लक्षात घ्या की स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी लांबट नळी, सुरुवातीला त्यात १००-१५० मिली मावतं, म्हणजे आमटीची लहान वाटी. बायपासमध्ये (हृदयाचं नव्हे, वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन) पोटाची अगदी छोटी पिशवी ठेवतात आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बाजूला करतात, त्यामुळे लोह, कॅल्शियम, बी१२ अंगी लागायला त्यांना जास्त त्रास होतो. तुमच्या सर्जनने आणि डाएटिशियनने दिलेले टप्पे माझ्यापेक्षा वेगळे असतील तर त्यांचंच ऐका.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. औषधाच्या बाटलीवर मोजमापाचं टोपण येतं ना, तसं ३० मिलीचं एक घ्या आणि त्यातून घोट घोट प्या, एक टोपण संपवायला दहा-पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. मी मोबाइलवर टायमर लावायचे कारण तहान लागली की माणूस सवयीने मोठा घोट घेतोच आणि मग छातीच्या मध्यभागी अशी कळ येते की डोळ्यात पाणी येतं. दिवसाला दीड लिटरपर्यंत जायचंय, पण पहिल्या चार-पाच दिवसात माझं ८००-९०० मिलीच व्हायचं, हळूहळू वाढलं. लघवी गडद पिवळी होत असेल, उठताना गरगरत असेल तर पाणी कमी पडतंय, तसं डॉक्टरांना कळवा. प्यायचं काय तर मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, भाज्यांचं सूप, पातळ ताक, साय काढलेलं दूध, आणि डाएटिशियनने सांगितलेली प्रोटीन पावडर. सगळं गाळून. गाळणी वेगळी ठेवा, चहाची नको, जिऱ्याचा एक दाणासुद्धा त्या दिवसात नकोसा होतो. सोडा, कोल्ड्रिंक, स्ट्रॉ बंद.

चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून. मला ऑपरेशनच्या संध्याकाळीच उठवून चालवलं होतं, घरी आल्यावर दर तासाला हॉल ते किचन पाच मिनिटं, दुखतंय म्हणून पडून राहू नका कारण पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती याच दिवसात असते. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली असतील तर एकही चुकवू नका. खांदा दुखतो तो बहुतेक वेळा ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे, चालल्याने उतरतो. वजन उचलणं चार ते सहा आठवडे बंद, म्हणजे भरलेली बादली, मोठा कुकर, धाकटं पोर, काहीच नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाई घरात हिंडतेय फिरतेय म्हटल्यावर चौथ्या दिवशी सगळं काम परत तिच्याच अंगावर येतं.

हे मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा: १०० च्या वर ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या पुढे, धाप लागणं, पोटात वाढत जाणारं दुखणं, खांद्याचं दुखणं चालूनही न कमी होता उलट वाढणं, एका पायाची पोटरी सुजणं-दुखणं, काळी शी, पाणीसुद्धा न टिकणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच निघायचं. टाक्याच्या जागेतून आत गळती होत असेल तर ती अशीच कळते, कधीकधी नुसत्या धडधडण्यावरूनच. आणि उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तर बी१ म्हणजे थायमिन कमी होऊन नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते, तेव्हा ॲसिडिटी असेल असं म्हणून घरी बसू नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधलं. घट्ट वरण भाताशिवाय, दह्यात कुस्करलेलं पनीर, उकडलेलं अंडं दुधात वाटून, मासा चालत असेल तर काटा काढून कुस्करलेला. पाचव्या आठवड्यापासून मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण, तेही एकेक पदार्थ करून बघत. माझी चूक इथेच झाली. डिस्चार्जच्या कागदावर "सॉफ्ट डाएट" एवढंच लिहिलेलं, आमच्याकडे मऊ म्हणजे तूप लावलेला फुलका, तो साडेचार आठवड्यांनी मी चार घास खाल्ला. पोळी तोंडात मऊ असते पण आत गेल्यावर परत कणकेचा गोळा होतो. दहा मिनिटांत तोंडात नुसती लाळ सुटायला लागली, मग पांढरा फेस, अन्न नाही, फेसच, दीड तास बेसिनजवळ उभी होते आणि सासूबाई पाठीवरून हात फिरवत होत्या. पोळी, पाव आणि मोकळा भात हे सगळ्यात शेवटी आणा. भाकरी मला पोळीच्या आधी जमली, ज्वारीची, पापुद्रा काढून आमटीत कुस्करून, पण सगळ्यांचं सारखं नसतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पोट भरल्याची खूण बदलते. आयुष्यभर आपल्याला माहीत असलेलं भरलं म्हणजे जडपणा, ढेकर, कंबरेची नाडी सैल करणं. ते आता यायची वाट बघितलीत तर तोपर्यंत तीन-चार घास जास्त झालेले असतात. नवीन खूण फार बारीक असते, माझ्या बाबतीत नाक वाहायला लागतं, खरंच, जेवता जेवता एकदम नाकातून पाणी, कुणाला एकच उचकी लागते, कुणाला आपोआप मोठा उसासा येतो, कुणाला छातीच्या हाडाखाली दाबल्यासारखं होतं. तुमची खूण कोणती ते पहिल्या दोन महिन्यांत शोधून काढा आणि ती आली की हातातला घाससुद्धा खाली ठेवा. यासाठी जेवताना टीव्ही-मोबाइल बंद करावा लागतो कारण त्यात ती कळतच नाही. मी बाळाला भरवायचा छोटा चमचा आणि भातुकलीतली वाटावी एवढीशी स्टीलची वाटी वापरायचे, अजूनही तीच वाटी वापरते, घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. वीस मिनिटं ते अर्धा तास, त्यापुढे ताटावर बसायचं नाही.

आणि तांब्या ताटाजवळून उचला. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, कारण एवढ्याशा जागेत दोन्ही मावत नाही, एकतर उलटी होते नाहीतर अन्न पाण्याबरोबर खाली सरकून लगेच परत भूक लागते.

प्रोटीन रोज ६० ते ८० ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं पण आपल्या जेवणात ते बसवायला हिशोब लागतो, नुसतं वरण पितेय म्हणून होत नाही, एका वाटी वरणात ६-७ ग्रॅमच असतं. माझा सहाव्या महिन्यातला दिवस सांगते. सकाळी दोन अंड्यांची भुर्जी, १२ ग्रॅम. अकराला पावडरचा एक स्कूप, २४ च्या आसपास, डब्यावर बघून घ्या. दुपारी पनीर ५० ग्रॅम म्हणजे ९, वर अर्धी वाटी घट्ट वरण ३. चारला दूध किंवा ताक, ४-५. रात्री मासे किंवा चिकन ५०-६० ग्रॅम, १२-१३. झाले ६५. जे अंडंही खात नाहीत त्यांनी चक्का (साखर न घालता, मीठ-जिरं घालून छान लागतो), सोया चंक्स, टोफू, मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ यावर भर द्यावा आणि पावडर लवकर सोडू नये. ताटलीत आधी प्रोटीन संपवायचं, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरी-भात. हा क्रम मोडला की प्रोटीन राहतंच.

एक धोका कुणी बोलत नाही. चिकन नीट चावलं नाही तर अडकतं, पण शेव, चिवडा, चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, कुरकुरीत वेफर्स हे काहीच अडकत नाही, तोंडातच पातळ होऊन सरकन खाली उतरतं, आणि पोट लहान असूनही दिवसभर येता-जाता खाता येतं. ज्यांचं वजन दोन-तीन वर्षांनी परत चढलं त्यातल्या मला भेटलेल्या बहुतेकांचं असंच झालेलं, जेवण एवढंसं पण डबा दिवसभर उघडा. मी फरसाणाचा डबा स्वयंपाकघरातून काढून नवऱ्याच्या कपाटात ठेवायला लावला. बायपासवाल्यांना गोड जास्त झालं तर घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, डंपिंग म्हणतात त्याला, स्लीव्हमध्येही काहींना होतं.

मग आग्रह. चुलत नणंदेच्या लग्नात, ऑपरेशनला पाच महिने झालेले, पंगतीत मावशी जिलबी घेऊन समोर उभ्या, "एक घे गं, एका जिलबीनं काय होतंय, किती वाळलीस." त्यांचं प्रेमच होतं त्यात. मी एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली आणि नंतर मंगल कार्यालयाच्या मागे जाऊन उलटी केली. त्यानंतर ठरवलं, आता पंगतीत बसत नाही, वाढायला उभी राहते आणि माझं माझं आधी खाऊन येते. विचारलं तर सरळ सांगते, पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी ठरवून दिलंय. कसलं ऑपरेशन ते सांगायचं की नाही ही तुमची मर्जी, कुणाला उत्तर देणं लागत नाही. घरी मात्र स्पष्ट बोला. आमच्याकडे अन्न टाकायचं नाही असं शिकवलेलं, ताटातलं संपवायलाच हवं, त्या शिकवणीनेच मी वर्षानुवर्षं मुलांचं उरलेलं खात आले. आता कमी वाढून घेते, उरलं तर झाकून फ्रिजमध्ये.

उपवास पहिलं वर्षभर करू नका. साबुदाणा चिकट असतो, घशाखाली गोळा होतो, वर प्रोटीन जवळजवळ नाहीच. सासूबाईंनी माझी संकष्टी स्वतःकडे घेतली, असंही करता येतं.

गोळ्यांचं. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, डी, बी१२, लोह, हे बरं वाटलं म्हणून थांबवायचं नसतं, जन्मभराचं आहे. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं पण एका वेळी ५००-६०० च्या वर अंगी लागत नाही म्हणून विभागून, आणि कॅल्शियम व लोह यांच्यात दोन तासांचं अंतर. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा डोस पहिल्याच आठवड्यात बदलू शकतो, तुम्ही जुनाच डोस घेत राहिलात आणि खाणं एवढंसं झालं तर शुगर एकदम खाली जाईल, म्हणून घरी मोजत राहा आणि डॉक्टरांना आकडे कळवा, मनाने बंदही करू नका. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत, अल्सर होतो, बायपासमध्ये तर फारच. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री यांनीही तेच. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते आणि काहींना ऑपरेशननंतर तिची सवय लागते, जेवणातून मिळणारा आनंद गेला की माणूस दुसरीकडे शोधतो, घरच्यांनी याकडे लक्ष ठेवावं.

तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो. माझा अकरा दिवस ७०० ग्रॅमही हलला नव्हता, मी रडले होते. बहुतेकांचा थांबतो, परत सुरू होतो, रोज काट्यावर चढू नका, आठवड्यातून एकदा बास. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, फणी भरून, न्हाणीघराच्या जाळीवर पुंजके, ते वजन झपाट्याने उतरल्यामुळे होतं आणि प्रोटीन-लोह नीट असेल तर परत येतात, माझे दहाव्या महिन्यात कपाळाजवळ बारीक बारीक उगवलेले दिसले. वजन पटकन उतरलं की पित्ताशयात खडेही होतात, त्यासाठी सहा महिने गोळी देतात, ती घ्या. दोन महिन्यांनी सर्जनला विचारून ताकदीचे व्यायाम सुरू करा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, कारण चरबीबरोबर स्नायूही जातात.

ज्या मुलींना पीसीओडीमुळे दिवस राहत नव्हते त्यांना वजन उतरल्यावर अचानक राहू शकतात. वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगतात, तोपर्यंत कोणतं साधन वापरायचं हे आधीच डॉक्टरांशी बोला, बायपासनंतर नुसत्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

रक्त तपासणी तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि मग दरवर्षी. मी वाढदिवसाच्या आठवड्यात करते म्हणजे विसरत नाही. यंदा मला काहीच त्रास नव्हता, चालणं चालू, खाणं नीट, तरी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) घसरलेलं निघालं, हिमोग्लोबिन अजून ठीक होतं म्हणून वेळेत सापडलं. तेव्हा लॅबला सांगताना नुसतं हिमोग्लोबिन करू नका, फेरिटिन, बी१२, डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि जाताना मागच्या वर्षीचे रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी धरले की घसरण लगेच दिसते.