उपटलेल्या जवसाचा थर वेळेवर उलटा

आभाळ भरून येत असेल तर आधी शेतात जा. धाग्यासाठी उपटून पसरलेल्या जवसाचा थर दोन-तीन ठिकाणी उचलून खालची बाजू बघा. वरची काडी करडी आणि खालची अजून पिवळी असेल, तर थर आजच उलटा. खालची काळपट, बुळबुळीत लागली, तर सगळी कामे बाजूला ठेवा.

शंभर दिवस जपलेले पीक उपटणीनंतर शेवटच्या आठवड्यात मातीमोल झालेले मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. कारण एकच, थर उलटला नाही. दवाने ओल्या काडीवर बुरशी वाढते आणि वाख, म्हणजे सालीतला धागा, काडीच्या लाकडी गाभ्याला चिकटवून ठेवणारे पेक्टिन हे डिंकासारखे द्रव्य खाते. तेवढे हवेच. पण पेक्टिन संपले की ती ज्याचा वाख बनलेला असतो ते सेल्युलोजही पोखरते. मग काडी झोडून वाख वेगळा करताना लांब धाग्याऐवजी आखूड गुंता हाती येतो. घाम पटकन शोषणारे, ओले झाल्यावर अधिक मजबूत होणारे तलम लिनन विणायला लांब धागाच लागतो.

दवावर काडी अशी कुजवून वाख सुटा करण्याला, म्हणजे कुजवणीला, हवामानाप्रमाणे ३ ते ६ आठवडे लागतात, म्हणून तारखेवर जाऊ नका. वरच्या, मधल्या, खालच्या काड्या घ्या, वाळवा, मोडा. गाभा कटकन तुटून वाख बुडख्यापासून शेंड्यापर्यंत अखंड सुटला की उचला. माझा अंदाज नाकावरही चालतो: सकाळी ओल्या मातीचा वास असेपर्यंत ठीक, आंबूस वास आला की घाई.

कुजवण लवकर करून देणारी महागडी द्रावणे विक्रेता गळ्यात मारेल. घेऊ नका, दव फुकट पडते. युरियाच्या जादा पोत्याचेही तेच. शिफारस हेक्टरी २० ते ४० किलो नत्राची, तीही माती परीक्षणानुसार. मी खालच्या आकड्याजवळच राहतो, कारण जादा नत्राने पीक लोळते आणि लोळलेल्या पिकाची काडी सगळीकडे सारखी कुजत नाही.

बाकीची कामे:
- दाट पेरणी, चौरस मीटरला १५०० ते २००० रोपे
- खोली २ सेंटिमीटर
- रोपे बोटभर असताना तण काढणे
- मर रोग टाळण्यासाठी ६-७ वर्षांची फेरपालट
- खालचा तिसरा हिस्सा पिवळा झाला की उपटणी, कापायचे नाही

पेंढ्या बांधताना ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गंजीतही कुजणे चालूच राहते. बांधायला प्लॅस्टिकची सुतळी नको. तिचे तंतू वाखात मिसळतात, सुतात जातात आणि कापड रंगवताना तेवढी रेघ कोरी राहते.