लायब्ररी बसवली, तरी जीसीसीला सापडत नाही: वाट दोनदा दाखवा

लिनक्सवर सोर्समधून बांधलेली लायब्ररी /ऑप्ट मध्ये टाकली की दोन तक्रारी ठरलेल्या. जीसीसी कंपायलरने बिल्ड करताना 'कॅनॉट फाइंड', आणि ते निस्तरलं की प्रोग्रॅम चालवताना 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. पहिली लिंकरची (बिल्ड करताना तुकडे जोडणारा), दुसरी डायनॅमिक लोडरची (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी आणून देणारा). एकाला सांगितलेली वाट दुसऱ्याला कळत नाही.

जीएनयू सायंटिफिक लायब्ररी (जीएसएल) /ऑप्ट/जीएसएल मध्ये आहे असं धरू. (पाथ आणि फ्लॅग टाइप करायचे ते अर्थात रोमन अक्षरांत.)

हेडरसाठी डॅश, मोठा आय आणि त्याला चिकटून /ऑप्ट/जीएसएल/इन्क्लूड. पुढे आणखी एक 'जीएसएल' जोडू नका. ते कोडमधल्या इन्क्लूडच्या ओळीत असतंच.

लिंकिंगला डॅश, मोठा एल आणि /ऑप्ट/जीएसएल/लिब. मग डॅश, छोटा एल आणि नुसतं 'जीएसएल'. सुरुवातीचं 'लिब' आणि शेवटचं 'डॉट एसओ' (शेअर्ड) किंवा 'डॉट ए' (स्टॅटिक) लिंकर स्वतः लावतो. तुम्ही 'लिबजीएसएल' लिहिलंत, तर तो बिचारा 'लिबलिबजीएसएल' शोधत बसतो.

क्रमही सांभाळा: आधी तुमची ऑब्जेक्ट फाइल, मग जीएसएल, मग जीएसएलसीब्लास (जीएसएलसोबतच येणारी लायब्ररी), शेवटी एम (गणिताची लायब्ररी). लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि डॉट ए फाइलमधून तोवर मागितलेलंच उचलतो. लायब्ररी आधी आली तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. तेव्हा पाथ बदलत बसण्यात अर्थ नाही.

उबुंटू किंवा डेबियनच्या पॅकेजमधून घेतलेली असूनही सापडत नसेल, तर बहुधा डेव्ह पॅकेज राहिलंय. लिंकरला लागणारी, शेवटी आकडा नसलेली डॉट एसओ लिंक त्यातच असते.

आता लोडर. मोठ्या एलने दिलेला पाथ बायनरीत उरत नाही. तो कोरायचा तर लिंक करतानाच 'डॅश डब्ल्यूएल, डॅश आरपाथ, /ऑप्ट/जीएसएल/लिब' द्या (डब्ल्यू मोठा, एल छोटा). स्वल्पविरामांच्या आजूबाजूला जागा नको. प्रोग्रॅम आणि लायब्ररी एकत्र हलवायचे असतील तर पाथमध्ये डॉलर-ओरिजिन (म्हणजे प्रोग्रॅम आहे ते फोल्डर) वापरा, पण एकेरी अवतरणात, नाहीतर शेल ते गिळून टाकतं.

सगळ्या मशीनसाठी हवं असेल तर /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये 'डॉट कॉन्फ' फाइल करून तिच्यात पाथची एक ओळ लिहा आणि सुडो लावून एलडीकॉन्फिग चालवा. एलडीकॉन्फिग विसरलात तर कॅश जुनीच राहते.

एलडी_लायब्ररी_पाथ हे लोडरला पाथ सांगणारं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल मात्र चाचणीपुरतंच बरं. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) कायमचं टाकलं की त्या टर्मिनलमधून सुरू होणारे इतर प्रोग्रॅमही तिथलीच लायब्ररी उचलतात. त्यातल्या पाथच्या शेवटी चुकून कोलन राहिला तर चालू फोल्डरही शोधात येतो.

तपासायला एलडीडी ही कमांड: 'नॉट फाउंड' दिसलं की ती फाइल लोडरला मिळालेली नाही. तेवढ्याने उलगडलं नाही, तर एलडी_डीबग ला 'लिब्स' देऊन प्रोग्रॅम चालवा. लोडर कुठल्या फोल्डरमध्ये डोकावला ते ओळीने छापून येतं.