भात झोडून झालं, आता वायंगणात तंबाखू लावू काय?

आपल्या कोकणात भाताची झोडणी आटपली की दरवर्षी कोणतरी विचारतोच, वायंगणात, म्हणजे भातानंतरच्या दुसऱ्या पिकाला, खलाटीत (सखल भातजमिनीत) तंबाखू लावून बघू काय म्हणून. कारण एकच, वांदर खात नाय, मोकाट गुरं तोंड लावत नायत, आणि घाटावर निपाणीला कोणाचेतरी पावणे असतात त्यांचं बरं चाललंय असं ऐकलेलं असतं. वांदराचा त्रास मला कोणी सांगायला नको, गेल्या वर्षी माझी चवळी शेंगा भरायच्या आत साफ झाली. तरीपण माझं उत्तर नको असंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. निपाणीकडे बिडी तंबाखूची रोपं जून-जुलैत वाफ्यावर टाकतात, ऑगस्ट-सप्टेंबरात लावणी आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढणी, मग पानं तिथेच उन्हात वाळतात. लावणीच्या त्या दिवसांत आपल्या खाचरात घोटाभर पाण्यात भात उभं असतं, आणि तंबाखूच्या मुळात पाणी साचलं की झाड गेलंच. आता नोव्हेंबरात बी टाकलंत (एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया, राखेत किंवा वाळूत मिसळूनच फेकावं लागतं) तर रोपं तयार व्हायला दीड-पावणेदोन महिने, म्हणजे काढणी एप्रिल-मेवर जाते. तेव्हा आपल्याकडची दमट हवा आणि वरून अवकाळी, पान वाळायच्या ऐवजी बुरशीने काळं पडणार.

दुसरं म्हणजे मीठ, आणि हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाय. खाडीजवळच्या खारवट जमिनीत आणि मचूळ विहिरीच्या पाण्यात मिठातलं क्लोराइड असतं, ते पानात उतरलं की तंबाखू नीट जळत नाय. बिडी-सिगारेटवाला व्यापारी असा माल हातात धरत नाय. म्हणून घाटावरचे जाणते तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश (क्लोराइडवालं पोटॅश खत) घालत नायत, सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात. तिथे गोणीतलं क्लोराइड टाळतात आणि आपल्याकडे ते जमिनीतच!

आता सरकारी मदत. टोबॅको बोर्ड गुंटूरला आहे, 1976 पासून, पण त्याची नोंदणी, भट्टीचं लायसन आणि लिलाव हे सगळं सिगारेटच्या एफसीव्ही (भट्टीत वाळवलेल्या व्हर्जिनिया) तंबाखूसाठी, आणि तेही मुख्यतः आंध्र-कर्नाटकात. बिडी तंबाखूला हमीभाव नाय, व्यापारी ठरवेल तो दर. 1981 ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे निपाणीचे शेतकरी हायवेवर बसले ते भावासाठीच ना. उलट 2015-16 पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून जी मदत आहे ती तंबाखू सोडून दुसरं पीक घ्यायला आहे, महाराष्ट्र त्यात आहे, पण ती आधीपासून तंबाखू करणाऱ्यांना. म्हणजे तुम्ही नवीन लावलीत तर लावायला कोणी पैसे देणार नाय.

शिवाय घरची बायामाणसं दहिवरात ओली पानं खुडणार, ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, चक्कर, उलट्या, हे खरंच होतं.

मग काय करायचं? जमिनीत ओल आहे तोवर, कापणीनंतर आठवड्याभरात, नांगरट न करता वाल नाहीतर कुळीथ टोकून टाका. एकदा ओल गेली की उगवण अर्धी पण नाय मिळत. पाण्याची सोय असेल तर कलिंगड, दोन मीटरवर सरी, अर्ध्या मीटरवर झाड, नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेलं शिमग्याच्या बाजाराला येतं, पण त्याला राखण लागते हे आधीच सांगतो. राखायला माणूस नसेल तर मिरची बघा, आमच्याकडे वांदर तिला सहसा हात लावत नाय. दापोली विद्यापीठाची कोकण कीर्ती मिरची, चवळीला कोकण सदाबहार, भुईमुगाला कोकण गौरव, बी तिथूनच घ्या किंवा कृषी सहायकाला आताच सांगून ठेवा, डिसेंबरात गेलात तर संपलेलं असतं.

ठिबकचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा, अल्पभूधारकाला 55 टक्के आणि त्यावर राज्याचं पूरक धरून 80 पर्यंत अनुदान जातं. फार्मर आयडी काढला नसेल तर आधी तो काढा. पूर्वसंमती यायच्या आधी पाइप आणू नका, बिल मग बाद होतं. पीक लावलं की ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) पण करून टाका, नायतर अवकाळीची भरपाई मागताना सातबारा कोरा निघतो.

आणि हो, मिरची-टोमॅटोच्या रोपात शिरायच्या आधी तंबाखू मळलेले हात साबणाने धुवा. चुन्याबरोबर चोळतो त्या तंबाखूत मोझॅकचा व्हायरस जिवंत असू शकतो, हातावरून तो रोपाला लागतो आणि पानं चट्ट्यापट्ट्याची होऊन आक्रसतात, मग कितीही फवारा, त्याला औषध नाय. आमच्या वाडीत दोन वर्षं आम्ही बियाण्याला शिव्या घालत होतो.