पिनो न्वारचे घड गच्च होण्याआधी पाने काढा

पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची पांढरी वाइन करणाऱ्या थंड भागातल्या बागाईतदारांनो, मणी वाटाण्याएवढे झाले आहेत. आठ-दहा दिवसांत ते एकमेकांना चिकटतील आणि घड गच्च होईल. घडाजवळची पाने त्याआधी काढा. बाकीची कामे मागे पडली तरी चालतील, हे नाही.

दर हंगामात हेच राहून जाते आणि तोडणीला आठवडा उरलेला असताना निम्मी बाग करड्या बुरशीने गेलेली मी पाहिली आहे. बुरशी तेव्हा आलेली नसते. ती फुलोऱ्यातच शिरते, घडाच्या पोटात अडकलेल्या सुकल्या फुलांवर दडून बसते आणि मण्यात पाणी उतरून साखर भरू लागली की उठते. पिनोची साल पातळ, घड घट्ट. एकदा तो मिटला की आत वारा जात नाही आणि फवाराही पोचत नाही. 15 ते 25 अंश तापमानात घड 15 तासांच्या आसपास ओला राहिला, तर तेवढे बुरशीला पुरते.

पांढऱ्या वाइनला ही कूज जास्तच मारते. पिनोचा गर बिनरंगी असतो, रंग सालीत. साल शाबूत असली तरच पांढरा रस निघतो. कुजलेली साल दाबाआधीच रंग सोडते. शिवाय बुरशीचे लॅकेज नावाचे विकर रस तपकिरी करते आणि वाइन टिकवायला घालतात त्या सल्फर डायऑक्साइडला, नेहमीच्या मात्रेत, ते दाद देत नाही.

काढायची कशी? सकाळचे ऊन येते त्या बाजूची, प्रत्येक काडीवरची खालची 3-4 पाने. दुपारच्या उन्हाची बाजू झाकलेलीच ठेवा. आता उघडलेला मणी उन्हाला सरावतो, पाणी उतरल्यावर उघडलेला भाजतो. साखर भरणार नाही ही भीती सोडा. ती वरची 12-15 पाने भरतात, सावलीतली खालची पाने फारसे काही देत नाहीत.

दुकानदार या दिवसांत टॉनिक आणि नत्राची फवारणी गळ्यात मारतात. घेऊ नका. पाला दाट होतो, मणी फुगून एकमेकांना ढकलतात, साल आणखी पातळ होते. तुम्ही पैसे देऊन कूज विकत घेता. बुरशीनाशकाची वेळ फुलोरा संपताना किंवा घड मिटण्याआधी. एकाच गटाचे औषध हंगामात दोनदा नको. मात्रा आणि तोडणीपूर्वीचे थांबायचे दिवस लेबलवर आहेत तेच पाळा.

माझा एक अनुभवाचा ठोकताळा: सकाळी दहापर्यंत ज्या ओळीत घडावरचे दव सुकत नाही, कूज तिथूनच सुरू होते. त्या ओळी आज फिरून हेरा आणि पाने काढायला तिथूनच सुरुवात करा.

बाकी कामे:
बगलफुटी काढणे.
शेंडे खुडणे.
ओळीतले गवत कापणे.
भुरीसाठी गंधक, कडक उन्हात नको.
घड पोखरणाऱ्या अळीसाठी सापळे पाहणे, तिचे भोक म्हणजे बुरशीला दारच.

तोडणीच्या तोंडावर पावसाचा अंदाज आला तर थांबू नका. लाल वाइनसाठी साल पिकण्याची वाट पाहावी लागते, इथे सालीचे काही घ्यायचेच नाही. फेसाळ वाइनला 18-19 ब्रिक्स (रसातल्या साखरेचे अंश) पुरे, साध्या पांढरीला 20 च्या पुढे. दोन अंश साखर कमी मिळाली तरी चालेल, तडकलेले घड नकोत. शंभरात पाचाहून जास्त मणी कुजलेला घड मी क्रेटमध्ये टाकू देत नाही.

पहाटे, हाताने तोडा. फ्रान्सच्या शाम्पेन भागात, जिथे याच नावाची फेसाळ वाइन होते, हाताने तोडणी नियमानेच सक्तीची आहे. उथळ, भोकांचे क्रेट वापरा, म्हणजे खालचे घड चिरडत नाहीत. देठ न काढता अख्खे घड हळू दाबा. शाम्पेनचे माप ध्यानात ठेवा: 4000 किलोतून 2550 लिटर रस, त्यातला पहिला 2050 लिटर उत्तम, शेवटचा 500 वेगळा. रसात गुलाबी झाक वाढली की भांडे बदला. निरोगी रसाला लिटरमागे 30 ते 50 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे 100 लिटरला साधारण 6 ते 10 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट.