स्टेजवर नाव घालवायचं नसेल तर या चुका टाळा

गेली सव्वीस वर्षं मी सांगली-मिरजेत साऊंड करतो. गणपतीतले ऑर्केस्ट्रा, नाट्यगीतांचे कार्यक्रम, अभंगवाणी, मिरजेतल्या घरगुती बैठका, सगळं. गाणारा डगमगायला लागला की सगळ्यात आधी मिक्सरमागच्या माणसाला कळतं, कारण त्याचा श्वास माझ्या हेडफोनमध्ये असतो. आता दर सीझनला नवी पोरं येतात आणि त्याच चुका करतात. अंगात गुण असलेली पोरं दोन वर्षांत दिसेनाशी होतात. ते बघवत नाही म्हणून हे लिहितोय.

एक आधीच सांगतो. सूर हुकला, शब्द विसरले, आवाज फाटला, एवढ्यावरून आमच्याकडच्या श्रोत्यांनी कुणाला टाकलेलं मी पाहिलेलं नाही. चुकल्यावर पुढच्या मिनिटात माणूस काय करतो, ते मात्र लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

गायलेला ट्रॅक लावून ओठ हलवणं

मायनस ट्रॅकवर गाणं वेगळं. त्यात फक्त वाद्यं असतात, गळा तुमचाच. मी बोलतोय ते स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या आवाजात आधीच रेकॉर्ड केलेलं गाणं लावून समोर माइक धरून उभं राहण्याबद्दल.

तासगावकडच्या एका गावात गणपतीचा सहावा दिवस होता. गाणारी मुलगी चांगली, गळा गोड. पण सलग चार कार्यक्रम झालेले आणि घसा पूर्ण बसलेला. माझ्या हातात पेनड्राइव्ह देऊन म्हणाली, "काका, आज यातलंच लावा, माइक बंद ठेवा." मी म्हटलं, "बाळा, लोकांना सांग घसा बसलाय म्हणून. दोन गाणी हळू आवाजात गा, बाकीची तुझा जोडीदार गाईल. गावाकडची माणसं आहेत, समजून घेतील." ऐकलं नाही. मंडळ पैसे कापेल याची तिला भीती होती.

तिसऱ्या गाण्यात लाईट गेली. मिक्सर, अँप्लिफायर, सगळं बंद. ट्रॅक मात्र लॅपटॉपवर होता आणि लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला. अंधारात मी बटण चाचपडत होतो तोवर मंडळाच्या पोरांनी जनरेटर ओढला. उजेड पडला आणि स्पीकरमधून अंतरा सुरू, तिच्याच आवाजात. ती स्टेजच्या कडेला उभी राहून पाण्याची बाटली तोंडाला लावून पीत होती. पुढं बसलेल्या बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या. ती शांतता मला अजून ऐकू येते. सकाळपर्यंत व्हिडिओ चार तालुक्यांत फिरला.

तरीही मार्ग होता. तिथंच माइक घेऊन "माझा घसा बसलाय, माफ करा" म्हणाली असती तर लोकांनी टाळ्या दिल्या असत्या, हे मी खात्रीनं सांगतो. ती म्हणाली की साऊंडवाल्यानं चुकून तिच्या जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. मंडळाच्या पोरांनी आधीची दोन गाणीही मोबाईलवर घेतली होती. ती लावून बघितल्यावर सगळं उघड झालं. पुढच्या वर्षी तिच्या तारखा मोकळ्या होत्या.

जगातही हेच घडलंय. मिली वनिली ही पॉप गायकांची जोडी 1989 च्या जुलैमध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टलला कार्यक्रम करत होती. ट्रॅक अडकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. दोघांतला रॉब पिलाटस स्टेज सोडून पळाला. त्या दिवशी समोरच्या लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्यांना ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कारसुद्धा मिळाला. मग 1990 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या निर्मात्यानंच कबूल केलं की अल्बमवर गळा त्यांचा नव्हताच, आणि ग्रॅमी परत घेतलं गेलं. नंतर दोघांनी स्वतःच्या आवाजात अल्बम काढला, तो चालला नाही.

ॲशली सिम्पसन या अमेरिकन गायिकेचं 23 ऑक्टोबर 2004 चं प्रकरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. टीव्हीवर थेट कार्यक्रम. दुसऱ्या गाण्याला पहिल्याच गाण्याचा ट्रॅक सुरू झाला, आणि माइक खाली असताना तिचा आवाज ऐकू आला. ती जरा नाचली आणि निघून गेली. कार्यक्रम संपताना म्हणाली, बँडनं चुकीचं गाणं सुरू केलं. त्यानंतर कारण पुढं आलं की पित्तामुळं घसा खराब होता. घशाचं खरं असेल, पण आधी बँडवर ढकलल्यावर त्याला किंमत राहिली नाही. तिचा पुढचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, तरी तिचं नाव काढलं की लोक आजही आधी ती रात्र काढतात.

माझी सवय सांगतो. माझ्या मिक्सरवर आता गायलेला ट्रॅक लागत नाही, पैसे कमी मिळाले तरी चालतील. मायनस ट्रॅक असेल तर लॅपटॉप, मिक्सर आणि मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) एकाच यूपीएसवर. ट्रॅक दोन पेनड्राइव्हवर, गाण्याच्या क्रमानं नंबर घालून, आणि कागदावर तोच क्रम.

माइकवरून साथीदाराला बोलणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते.

सांगलीतल्या एका हॉलमध्ये नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. श्रावण महिना, बाहेर पावसाची झड. गाणारा तरुण, वर्षानुवर्षं काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, रियाज केलेला. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी म्हणाला, "आज काळी दोन धरूया, वरचा सा चमकेल." तबल्याला मिरजेचे एक गुरुजी होते, साठी ओलांडलेले. त्यांनी न बोलता दुसरा तबला काढला. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सैल पडते आणि सूर उतरतो, वर हॅलोजन तापला की चढतो. म्हणून ते दर गाण्यानंतर हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हलके ठोके देत होते. लाकडी गट्टे सरकवत, कान तबल्याशी नेऊन, टिचकी मारून बघत होते.

तिसऱ्या पदात हा तार षड्जावर, म्हणजे वरच्या सावर, गेला आणि आखूड पडला. हेडफोनमध्ये मला स्वच्छ ऐकू येत होतं, तानपुरा आणि तबला एकजीव होते, गळा खाली होता. त्यानं गाणं थांबवलं आणि माइकवरून म्हणाला, "गुरुजी, तबला जरा सुरात घ्या की."

गुरुजींनी मान हलवली, हातोडी उचलली, एक ठोका दिला आणि वाजवायला लागले. कार्यक्रम पूर्ण केला. मग तबले कापडात गुंडाळले, पिशवीत ठेवले आणि पाकीट न घेता बसस्टँडकडं चालत गेले. पेटीवाले त्यांच्या मागोमाग.

सांगली-मिरजेत साथीदार मोजके आहेत आणि सगळे एकमेकांना रोज भेटतात. पुढच्या तीन कार्यक्रमांना त्याला इथलं कुणी मिळालं नाही. बाहेरून माणसं आणली, तालमी न होता कार्यक्रम केले, ते पडले. आता तो गात नाही. गळा आजही चांगला आहे.

समोर बसलेल्यांना कळत नाही असं समजू नका. मिरज म्हणजे किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले ते गाव. सतार-तानपुरे बनवणाऱ्यांची घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणक, कुठं बसली आणि कुठं नाही, हे इथं गाणं न शिकलेला माणूसही कान लावून सांगतो. सूर कुणाचा गेला हे त्या हॉलमध्ये निम्म्या लोकांना माहीत होतं.

काही म्हणायचं असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये माइक बाजूला करून, वाकून, कानात सांगा. आणि पट्टी कार्यक्रमाच्या दिवशी बदलू नका. बदलायचीच असेल तर तीन महिने आधीपासून त्या पट्टीत रियाज करा. यूट्यूबवर कुणी मोठा गायक काळी दोनमध्ये गातो म्हणून आपला गळा संध्याकाळपर्यंत एक पूर्ण सूर वाढत नाही. हल्लीच्या पोरांना एवढी घाई कशाची, मला समजत नाही.

न बसवलेलं स्टेजवर नेणं

रखमानिनॉफसारख्या मोठ्या रशियन संगीतकारालाही हे भोवलंय. 1897 मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, झाली. तालमी अपुऱ्या आणि वाद्यवृंद नीट बांधलेला नव्हता. टीका इतकी झाली की तीनेक वर्षं त्याच्या हातून जवळपास काही लिहिलं गेलं नाही. त्याच्या हयातीत ती सिंफनी पुन्हा वाजली नाही. तिथं चूक त्याच्या लिहिण्यापेक्षा त्या संध्याकाळची जास्त होती. म्हणून नवीन चीज, म्हणजे बंदिश, आधी घरगुती बैठकीत दहा माणसांपुढं गा, मग हॉलमध्ये आणा.

चिडून स्टेज सोडणं

10 डिसेंबर 2006 ला मिलानच्या ला स्काला थिएटरमध्ये ऑपेरा गायक रोबेर्तो अलान्या पहिल्याच गाण्यानंतर लोकांनी हुर्यो केली म्हणून निघून गेला. बदली गायक रोजच्या कपड्यांत धावत आला आणि त्यानं प्रयोग निभावला. उरलेल्या प्रयोगांत अलान्याला परत घेतलं नाही. याउलट अमेरिकन गायिका मरायाह कॅरीचं बघा. 31 डिसेंबर 2016 ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर तिला कानातल्या मॉनिटरमध्ये काही ऐकू येईना आणि सगळं फसलं. पुढच्या वर्षी त्याच रात्री, त्याच जागी येऊन ती गायली. म्हणून साऊंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासायला, स्वतः या, भावाला पाठवू नका. मॉनिटरमध्ये तुम्हाला काय हवं ते मला तुमच्या भावाच्या गळ्यावरून कळत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नका, त्या ताणत राहतात आणि सूर धरत नाहीत. पोटभर जेवून बसू नका. मोबाईलवरचा तानपुरा चालेल, पण फोन फ्लाइट मोडवर टाका. आयोजकाशी पैशाचं बोलणं मध्यंतरात काढू नका.

आणि वेळ. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम सन 2000 पासून आहे, सवलत मोजक्याच दिवसांना. तरी गाणारे आपलं सगळ्यात चांगलं पद शेवटाला ठेवतात आणि निवेदक बोलत बसतो. मग दहाला हवालदार माझ्यापाशी येऊन उभा राहतो आणि लोक अर्ध्या गाण्यातून उठून जातात. मी पावणेदहाला मिक्सरवरून बॅटरी (टॉर्च) दोनदा लावतो. ती दिसली की हातातलं पद संपवायचं आणि भैरवी घ्यायची.