‘स्टार वॉर्स’ पहिल्यांदा पाहताना क्रम कोणता धरावा

‘स्टार वॉर्स’ ही अंतराळातल्या कथेची इंग्रजी चित्रपटमालिका पहिल्यांदाच पाहणाऱ्याने भागांचे आकडे बाजूला ठेवून प्रदर्शनाच्या वर्षांप्रमाणे जावे, म्हणजे १९७७, १९८० आणि १९८३ चे चित्रपट आधी व १९९९, २००२ आणि २००५ चे नंतर पाहावेत. नंतर आलेल्या तीन चित्रपटांत आधीची कथा असल्याने त्यांना पहिला ते तिसरा भाग म्हटले आहे आणि १९७७ चा चित्रपट यादीत चौथा भाग म्हणून दिसतो, त्यामुळे आपलेच काही चुकले असे वाटते. पण आकड्यांच्या क्रमाने गेल्यास १९८० च्या चित्रपटातील मोठे रहस्य तिथवर पोचण्याआधीच फुटते.

आमच्याकडे कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत रात्री माणूस दमलेला असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दोन तासांहून थोडा मोठा असलेला प्रत्येक चित्रपट आदल्या दिवशीच मोबाइलवर उतरवून ठेवावा. सुरुवातीला वर सरकत जाणारी पिवळी अक्षरे वगळू नयेत. मागची हकीकत त्यांतच असते. माझ्या धाकट्या भावाने ती पुढे ढकलली आणि अर्धा तास ‘हा कोण, तो कोण’ एवढेच विचारत बसला. जुन्या तिन्ही चित्रपटांत १९९७ मध्ये संगणकावर केलेली काही दृश्ये घालण्यात आली, ती लगेच ओळखू येतात. मला मात्र लहान प्रतिकृती वापरून चित्रित केलेली मूळची अंतराळयानेच अधिक खरी वाटतात.