अ‍ॅनिमेतल्या जागा बघायला जपानला निघण्याआधी

जपानच्या टुरिस्ट व्हिसाच्या अर्जाला तारीखवार कार्यक्रम जोडावा लागतो, म्हणून तो कागद भरण्याआधीच अ‍ॅनिमेतली (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधली) कुठली दृश्यं प्रत्यक्ष जागेवर बघायची ते ठरवून टाका. तीन-चार पुरेत. अ‍ॅनिमे टुरिझम असोसिएशन ८८ ठिकाणांची यादी काढते (आकडा शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या यात्रेवरून घेतलाय). ती चाळायला घेतली की हाव सुटते, आणि मग अर्धी सुट्टी गाड्या बदलण्यात जाते.

दृश्यं ठरली की एपिसोड पुन्हा लावा, हव्या त्या क्षणी थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि फोनमध्येच सेव्ह करा. मग नकाशा उघडून कॅमेरा कुठल्या दिशेला बघतोय ते शोधा. हे काम घरीच उरकायचं. तिथे रस्त्यात उभं राहून स्क्रीनशॉट जुळवत बसणारे लोक गावकऱ्यांना नकोसे झालेत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

'स्लॅम डंक'चं रेल्वे फाटक घ्या. १९९३ साली सुरू झालेल्या या मालिकेच्या शीर्षकगीतात नायक हानामिची फाटकापाशी थांबलाय, पलीकडे त्याला आवडणारी हारुको आहे आणि मागे समुद्र. ही जागा टोकियोजवळच्या एनोदेन रेल्वेच्या कामाकुराकोकोमाए स्टेशनला अगदी लागून आहे. चढाच्या बाजूला उभं राहिलं की तोंड दक्षिणेला येतं, त्यामुळे हिवाळ्यात भर दुपारी गेलात तर सूर्य थेट लेन्समध्ये, समुद्र पांढराफटक आणि माणसं काळी. सकाळी लवकर जा, गर्दीही कमी असते. एप्रिल अखेरीपासूनचा गोल्डन वीक (जपानमधल्या सलग सुट्ट्यांचा आठवडा) आणि जूनमधला हायड्रेंजियाच्या फुलांचा बहर टाळलेला बरा.

हिरव्या-पिवळट गाडीसाठी धावाधाव करायची गरज नाही. दहा किलोमीटरचा हा एकाच रुळाचा मार्ग आहे, एक गाडी हुकली तर पंधराएक मिनिटांत दुसरी येते. फोटो फूटपाथवरूनच काढा. गर्दी रस्त्यावर उतरते म्हणून तिथे सुरक्षारक्षक नेमावे लागलेत. वरच्या शाळेतली मुलं येत-जात असतात, त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. स्टेशन अगदी लहान आहे, तेव्हा टॉयलेटचं काम याच मार्गावरच्या फुजिसावा किंवा कामाकुरा स्टेशनलाच उरका. कचऱ्यासाठी एक पिशवी जवळ असू द्या, कारण जपानमध्ये रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही. या मार्गावर चढ-उतार करायचे असतील तर नोरिओरिकुन हा दिवसभराचा पास सोयीचा.

टोकियोत 'युअर नेम' सिनेमाच्या शेवटच्या दृश्यातल्या पायऱ्या सुगा देवळाजवळ आहेत. शिनानोमाची किंवा योत्सुया-सानचोमे स्टेशनवरून चालत जाता येतं. आजूबाजूला लोकांची घरं आहेत, त्यामुळे हळू बोला, ट्रायपॉड हॉटेलवरच ठेवा आणि फोटो झाला की जागा सोडा. 'गार्डन ऑफ वर्ड्स' या सिनेमासाठी शिंजुकू ग्योएन बागेत जायचं तर सोमवार टाळा, ती सहसा बंद असते. पावसाळी वातावरण हवं असेल तर जूनचा मध्य गाठा. नायिकेसारखी बिअर मात्र नेऊ नका, बागेत दारूला बंदी आहे.

'युअर नेम'मध्येच दिसणाऱ्या हिदा-फुरुकावा गावाला जायला खरी तयारी लागते. नागोयाहून 'हिदा' एक्स्प्रेसने अडीच तास, पण ताकायामाच्या पुढे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. परतीचं वेळापत्रक उतरताच फोटो काढून ठेवा. सात दिवसांचा जेआर पास (जपानच्या जेआर रेल्वेवर पर्यटकांना मिळणारा पास) ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनला गेला. टोकियोहून फक्त इथे जाऊन यायचं असेल तर तो वसूल होत नाही. सिनेमात दिसते ती जुनी एक्स्प्रेस २०२३ मध्ये या मार्गावरून गेली, आता नवी हायब्रिड गाडी येते. स्टेशन तेच, गाडी वेगळी, हे मनाशी धरूनच जा. सिनेमातलं गावचं ग्रंथालय बघायचं तर आधी काउंटरवर विचारा, आणि वाचणाऱ्यांचे चेहरे फोटोत नकोत. सिनेमातल्या नायिकेचं इतोमोरी गाव शोधत फिरू नका, ते काल्पनिक आहे. चाहते ज्या सुवा तलावाशी त्याचं साम्य जोडतात तो नागानो प्रांतात आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागेल.

शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा दाशी (उकळून काढलेला अर्क) असतो, हे लक्षात ठेवा. गोहेइमोचीच्या (काडीवर भाजलेल्या भाताच्या वडीच्या) सॉसबद्दलही विचारून घ्या. "मी मासे, मांस, दाशी खात नाही" असं जपानीत लिहिलेला कागद पाकिटात ठेवा, सुटे येन ठेवा, आणि बॅगेत चिवडा-दशम्या असू द्याच, कारण फुरुकावाला संध्याकाळनंतर खाण्याची दुकानं फारशी उघडी नसतात.